पाच पायांचा सिंह

मुलांनो, मांड्या घालून नीट बसा. ए शेवटच्या, नाकातलं बोट काढ आधी.

तर, एका जंगलात एक गुहा होती. गुहेत शिळांवर रंगवलेली जुनी चित्रं ठेवली होती, शंभरेक तरी. पण येणारे सगळे दारातलंच भलंमोठं चित्र बघायचे. ‘वनराजांची स्वारी’. “वा वा!” म्हणायचे आणि चरायला जायचे.

गुहेची राखण साळूमावशी करायची. मावशी म्हणजे साळिंदर. तिचा जीव मात्र पार आतल्या, ओल आलेल्या कोपऱ्यातल्या एका वीतभर चित्रावर होता. एका सशानं काढलेला सिंह. सशानं सिंह कधी पाहिलाच नव्हता. पाहिला असता तर चित्र काढायला उरला असता का? बिचाऱ्यानं ऐकीव माहितीवर काढलं. म्हणून त्या सिंहाच्या आयाळीला मधोमध भांग होता. बत्तीशी दिसेल असं हसू होतं. आणि पाय पाच होते. कमी पडायला नकोत म्हणून एक जास्तीचा.

मावशी रोज दुपारी त्या चित्रासमोर बसायची आणि पोट धरून हसायची. अंगावरचे काटे खुळखुळ वाजायचे. तेवढं हसली की तिचा दिवस गोड जायचा. म्हातारीला दुसरं होतं काय हो?

कोल्ह्यानं चहाडी केली. “महाराज, तुमचं चित्र बघून ती फिदीफिदी हसते.”

सिंहमहाराज तावातावानं आले. चित्र बघून गरजले, “खरवडून टाका हे!”

मावशी चित्रापुढे आडवी आली. तोंडाला येईल ते ती बोलून गेली. “अहो महाराज, ते मोठं चित्र काय, तुम्ही दिसता तसं आहे. कुणीही काढील. या सशानं तुम्हाला आतून ओळखलंय!”

“आतून मला पाच पाय आहेत?”

“चार चालायला. पाचवा प्रजेच्या पाठीशी उभा राहायला.”

महाराजांनी मिशीवरून पंजा फिरवला. “खरंय. मला कधीकधी जाणवतो तो.”

झालं! वीतभर चित्र दारात आलं. ‘स्वारी’ची रवानगी ओल्या कोपऱ्यात झाली. राखणीला मावशीच्या जागी अस्वल उभं राहिलं. “हसायचं नाही! कला आहे!” कोल्हा पाचव्या पायावर सकाळ-संध्याकाळ व्याख्यानं देऊ लागला. हरणं डोळे पुसत बाहेर पडायची. महाराजांनी तर पाचवा लाकडी पायच बांधून घेतला आणि भर दरबारात दोनदा तोंडावर आपटले.

मावशी रांगेत तीन तास उभी राहिली. चित्र दिसलं आणि तिला खुदकन हसू फुटलं.

“अडाणी कुठली!” अस्वल ओरडलं. “जा, मागे कोपऱ्यात बस!”

मावशी कोपऱ्यात बसून हमसून हमसून रडली. आपणच वाचवलं आणि आपणच घालवलं, म्हणाली. रडून दमल्यावर समोर बघायला ‘स्वारी’शिवाय काही नव्हतंच. म्हणून तिनं ती बघितली. इतकी वर्षं दारात होती, पण मावशीनंही कधी धड बघितली नव्हती, बरं का.

राजामागे हत्ती, हत्तीमागे घोडे. आणि सगळ्यांच्या मागे, पार कडेला, एक बोटाएवढं गाढव. महाराजांचा झेंडा मन लावून खात होतं.

मावशीचे काटे खुळखुळले.

“मावशी, काय आहे गं तिकडे?” कोल्ह्यानं बाहेरून विचारलं.

“काही नाही रे बाबा,” मावशी म्हणाली. “जुनं भिकार चित्र आहे. बुरशी आलीय. तू नको येऊस, शिंका येतील.”

कोल्हा परत फिरला. मावशी तोंडात पंजा कोंबून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

तात्पर्य : जे चित्र मनापासून आवडतं, त्याला चारचौघांत भिकार म्हणावं.

काय रे शेवटच्या, कशी वाटली गोष्ट? भिकार? शहाणं गं माझं बाळ ते!