न आलेल्या विमानांची नोंदवही

नामदेवनाना सकाळी ड्युटीवर आले की आधी चपला काढून ठेवत आणि अख्खी धावपट्टी अनवाणी चालून येत. डोळ्याला चुकलेला खडा पायाला सापडतो, असं त्यांचं म्हणणं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळ्याबाहेरच्या त्या धावपट्टीवर नाना चौकीदार होते, आणि तिची देखभाल पाहणाऱ्या कचेरीत मी कारकून. विमान यायचं दोन-तीन महिन्यांतून एखादं, तेही कुणी पुढारी सभेला येणार असला तर. एरवी पट्टीवर शेळ्या, आणि हंगामात आसपासच्या शेतकऱ्यांनी वाळत घातलेल्या मिरच्या.

नाना शेळ्या हाकलत, पण शेळीवाल्याला अहिराणीत समजावून. "भाऊ, उद्या आठे रोजनं विमान उतरी. कारखाना येतीन, मोठा डॉक्टर येतीन. बठ्ठासनं भलं व्हई." इथे रोज विमान उतरेल आणि सगळ्यांचं भलं होईल, हे त्यांचं पालुपद.

"मग उद्यापर्यंत चरू द्या ना, नाना," शेळीवाला म्हणे.  नाना लेंड्या झाडायला घेत.

रोज संध्याकाळी ते नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहीत, 'आज विमान आले नाही. हवा स्वच्छ.' आमचे साहेब एकदा वैतागले. "अहो, जे आलंच नाही त्याची नोंद कशाला?"

"लिहिलेलं बरं साहेब," नाना म्हणाले. "नाहीतर वरचे म्हणतील, धुळ्यात कुणी वाटच पाहत नव्हतं."

कचेरीत आम्ही हे वाक्य कितीतरी दिवस एकमेकांना ऐकवून हसलो.

नानांचं लग्न झालेलं नव्हतं. घरी थोरली बहीण, यमुनाअक्का. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. एका मार्चात अक्काच्या हृदयाची झडप बिघडल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, उशीर करू नका. त्याच दिवशी एका पुढाऱ्याला सोडायला विमान येणार होतं आणि रिकामंच मुंबईला परतणार होतं.

नाना अक्काला जीपमधून पट्टीवर घेऊन आले. इस्त्रीचं लुगडं नेसून ती कुंपणापाशी पत्र्याच्या ट्रंकेवर बसली. विमान उतरलं, तेव्हा भावाकडे बघून म्हणाली, "केवढं धाकलं शे रे." जन्मभर तिने त्याच्याकडून भल्यामोठ्या विमानाचं वर्णन ऐकलं होतं.

पुढारी सभेला गेल्यावर नाना बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यापुढे हात जोडून उभे राहिले. तो चिडला नाही, हेच जास्त वाईट. "नाना, ही काय एस.टी. आहे? वरून परवानगी लागते." वैमानिक न्यायला तयार होता. परवानगीसाठी मी चौकीतून फोन फिरवत राहिलो. लाइन लागली नाही. तासाभराने विमान गेलं, रिकामं. तोवर अक्का उन्हातच बसून होती. तिथे सावली नव्हती.

दुपारच्या गाडीने ते चाळीसगावला गेले. मुंबईची गाडी यायच्या आधीच, फलाटावरच्या बाकड्यावर, अक्का गेली.

अक्काचे दिवस झाल्यावर नाना कामावर आले आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, एक अर्ज लिहून द्या."

तक्रार असेल, म्हणून मी दार लोटून घेतलं. नानांनी सांगितलं ते एवढंच : धावपट्टीजवळ आजारी माणसाला टेकायला एक खोली बांधावी.

"त्या अधिकाऱ्याबद्दल काही लिहायचं नाही?"

"त्याच्या हातात काय होतं? विमान वरच्यांचं. पण अक्काले ऊन लागनं, भाऊसाहेब."

अर्जाला उत्तर आलं नाही. नानांनी स्वतःच कुंपणालगत कपाशीच्या पऱ्हाट्यांचा मांडव घातला, आत बाजेवर गोधडी अंथरली. दर मार्चात ते तो नव्याने शाकारत. कुणी आजारी तिथे कधी आलं नाही. पुढे रोजच्या विमानाच्या घोषणा झाल्या, विरल्या.

ते निवृत्त व्हायच्या सुमारास मी दुपारचा तिकडे गेलो होतो. नाना मांडवाच्या तोंडाशी उभे होते. मी मोठ्याने हाक मारली, तशी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत डोकावलो. बाज रिकामी होती.

मीही मग हळू आवाजातच बोललो.