अर्ध्या शेपटीचं विमान

परशू पेंटर शिडीवरून उतरला तेव्हा खाली नऊ माणसं उभी होती, आणि विमान चुकलंय यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. गणेशगुडीत नऊ जणांचं एकमत ही साधी गोष्ट नाही. बसथांबा कुठे असावा यावर इथे अकरा वर्षं चर्चा चालू आहे.

चित्र नारायणच्या ‘रनवे होमस्टे’च्या भिंतीवर होतं. वरून पाहिल्यासारखं विमान. इंजिन आणि लांब धड एका बाजूला. वैमानिकाची काचेची खोली धड सोडून शेजारच्या पंखावर जाऊन बसलेली. आणि मागे शेपटीचं आडवं पातं फक्त एकीकडेच.

“परशू, शेपटीचा अर्धा भाग कुठं गेला रं?” लखूने विचारलं. तो नदीवर राफ्ट चालवायचा, त्यामुळे वाहनांबद्दल बोलायचा त्याला अधिकार होता.

“नारायणअण्णांनी दिलेलं चित्र तसंच हाय.”

“चित्र फाटलं असंल.”

नारायण वीस वर्षं हवाई दलात होता. तो वैमानिक होता असं गाव समजायचं. प्रत्यक्षात तो भांडारात टायर सांभाळायचा. पण गावाने कधी विचारलं नाही आणि त्यानेही कुणाचा गैरसमज मोडून मन दुखावलं नाही. भांडारात वेळ भरपूर, म्हणून तो जगातल्या विचित्र लढाऊ विमानांची पुस्तकं वाचायचा. इतर होमस्टेंच्या भिंतींवर धनेश पक्षी आणि वाघ होते. नारायणला असं काहीतरी हवं होतं जे जोयडा तालुक्यात कुणाकडेच नाही. ते मिळालं, यात शंका नव्हती.

“हे ब्लोम अँड फॉस एकशेएक्केचाळीस!” त्याने जमावाला सांगितलं. “जर्मनीचं. महायुद्धातलं टेहळणी विमान. वैमानिकाला सगळीकडचं दिसावं म्हणून खोली बाजूला, मागच्या बंदूकवाल्याला आड येऊ नये म्हणून शेपटी अर्धी. सगळी मिळून तिसाच्या आतच बनली, पण उडायची झकास.”

“असलं उडतंय?”

“अमेरिकेनं तर आंबोळीगत गोल विमान उडवलंय. आणि आपल्या हवाई दलाच्या पॅकेट विमानाला हिमालयात जोर कमी पडायचा, म्हणून त्याच्या पाठीवर जेट इंजिन बसवलं होतं.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आंबोळीपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं होतं.

परशू दारू पिऊन शिडीवर चढला होता, ही बातमी दोन दिवसांत कुंभारवाड्यापर्यंत गेली. परशूने आयुष्यात सोलकढीपेक्षा कडक काही घेतलं नव्हतं, पण बातमीला त्याचं काय. तिसऱ्या दिवशी देवस्थान कमिटीचे अध्यक्ष महाबळेश्वर त्याला भेटले. मारुतीच्या देवळाची मोठी भिंत परशू रंगवणार होता. वर्षातलं सगळ्यात मोठं काम.

“ते राहू दे आता,” महाबळेश्वर म्हणाले. “विमानाची अर्धी शेपटी विसरलास. उद्या मारुतीची विसरशील. गावाला तोंड दावाय जागा राहायची न्हाई.”

मग धारवाडच्या एका पाहुण्याने होमस्टेबद्दल नेटवर लिहिलं, ‘मालकाने भिंतीवरचं चित्रही पूर्ण केलेलं नाही, खोल्यांचं काय सांगावं.’ शनिवारची दोन बुकिंगं गेली.

“अवो, अर्धी शेपटी काढाय सांगा की त्याला,” बायको सुमंगला म्हणाली. “रंग घरातच हाय.”

“सुमे, हा इतिहास हाय. इतिहासाला शेपूट जोडता येत न्हाई.”

परशूला मात्र यायचं. नारायण सिलिंडर आणायला जोयड्याला गेला तेवढ्यात परशूने शिडी लावली, उरलेली शेपटी काढली आणि हात धुऊन महाबळेश्वरांना बोलवायला गेला. ते दोघं परत येईपर्यंत नारायण पोचला होता आणि ओल्या रंगावर रॉकेलचं फडकं फिरवत होता.

“अण्णा, माझं पोट हाय वो ह्याच्यावर!” परशू रडकुंडीला आला.

“आणि माझा शब्द हाय!”

त्या संध्याकाळी नारायणने चित्राखाली मराठीत आणि कन्नडमध्ये सविस्तर खुलासा लिहिला. वाचणाऱ्यांचा परशूवरचा संशय निघाला. तो आता नारायणवर गेला. रामनगरहून मेव्हण्याचा फोन आला, “भावजी, झोप लागतीया न्हवं?”

रविवारी बेळगावचे निवृत्त विंग कमांडर देसूरकर पत्नीसह उतरायला आले. गाडीतून पाय खाली ठेवला आणि तसेच भिंतीपुढे उभे राहिले. देवळाचं काम अजून अडलेलंच होतं, म्हणून परशू तिथेच नारायणची मनधरणी करत होता. महाबळेश्वरही होते, भांडण बघायला ते हल्ली रोज यायचे.

“बी.व्ही. एकशेएक्केचाळीस!” देसूरकर ओरडलेच. “गणेशगुडीत! कुणी काढलंय हे?”

परशू शिडीमागे सरकला. नारायणने त्याच्याकडे बोट केलं.

“अहो, काय काम आहे! हे विमान ओळखणारी माणसं देशात थोडी, आणि तुम्ही ते भिंतीवर काढलंत!” त्यांनी परशूचा हात हातात घेतला.

महाबळेश्वरांनी घसा साफ केला. “म्हणजे... अर्धी शेपटी असतीया?”

“अर्धीच असते.”

महाबळेश्वरांनी क्षणभर विचार केला. “मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो,” ते म्हणाले, आणि देवळाचं काम सोमवारपासून धर म्हणून परशूला सांगून टाकलं. नारायणची छाती इतकी फुगली की सुमंगलाला शर्टाच्या बटणांची काळजी वाटली.

चहाच्या वेळी, सगळे गेल्यावर, देसूरकरांनी खुर्ची जवळ ओढली. “नारायणराव, लोकांपुढे बोललो नाही. खोली उजवीकडे असते हो. इंजिन आणि शेपटी डावीकडे. तुमचं विमान आरशातलं आहे.”

नारायणने पुस्तक आणलं. पान उघडलं. भिंत पाहिली. पुन्हा पान पाहिलं. इतके दिवस तो ज्या चित्राखाली उभा राहून गावाला शिकवत होता, त्याच्याकडे त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं होतं.

परशूला फोन लागला. “पुस्तकावर पेन्सिल टेकवायची न्हाई म्हणून तुमीच बजावलं होतं,” तो म्हणाला. “मग मी चित्राची बाजू काचेकडं करून पान खिडकीला धरलं आणि पाठीमागनं दिसलं ते कागदावर उतरवलं. का वो?”

“काय न्हाई,” नारायण म्हणाला. “उद्या सकाळी शिडी घेऊन ये.”

सकाळी परशूने शिडी टेकवली, ब्रश बुडवला, आणि रस्त्यावरून महाबळेश्वर धावत आले. त्यांच्यामागे राफ्टिंगला आलेले सात पर्यटक होते. त्यांना ते विमान समजावून सांगायला आणत होते.

“उतर! उतर आधी!” त्यांनी शिडी धरून हलवली. “हात लावशील तर बघ! मोठ्या साहेबांनी तपासलंय हे. गावाचं भूषण हाय. नारायण, सांग की ह्याला!”

नारायण दारात आला. आधी भिंतीकडे पाहिलं, मग पर्यटकांकडे. बोलायला तोंड उघडलं. आतून सुमंगलाला खोकल्याची उबळ आली. तिला हसू आवरायचं असलं की ती खोकायची.

“उतर परशू,” नारायण म्हणाला. “अध्यक्ष म्हणतायत ते बरोबर हाय.”

आणि तो पाहुण्यांचा चहा टाकायला आत गेला.