दाटी बघणारे जगदाळे सर

आमच्या गल्लीत कुणाचं हाड मोडलं, की सगळ्यात आधी भेटायला येत ते जगदाळे सर. नातेवाईक मागून. येताना केळी आणत, आणि केळी किती हे हाडावर ठरे. बोट मोडलं तर दोन, मनगटाला चार, मांडीचं हाड असेल तर पुरतं डझन. कारण मांडीचा एक्स-रे मोठा निघतो.

त्यांना तो एक्स-रे हवा असे. सर मूळचे वडूजचे. सांगलीत एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवत आणि एकटे राहत. फिल्म घरी नेऊन धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायची, वरचं हाड खरवडून काढायचं, की निळसर, आरपार दिसणारा पत्रा उरे. त्यावर ते बारीक निबानं वेड्यावाकड्या गोल रेषा काढत. रेणूमध्ये इलेक्ट्रॉनचा ढग कुठं दाट, कुठं विरळ, त्याचा तो नकाशा. अशा दहाबारा फिल्मा एकावर एक रचल्या की पाण्याचा एक रेणू उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं.

समोरच्या पवार हवालदारांचा पाय मोडला तेव्हा सर तीनदा गेले.

"आवं सर, पाय माजा, फोटू माजा. न्हाई देणार."

"पाय बरा झाल्यावर फोटोचं काय काम, हवालदार?"

"आन् तुमचं काय काम?"

"पाण्याचा रेणू करतोय."

"पाणी? आवं, नळाला चार दिस झालं पाणी न्हाई, तेवडं बगा की!"

गल्ली आठवडाभर हसली. मीही हसले.

बोलण्यात त्यांचा एकच शब्द, दाटी. एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, आमटीच्या पातेल्यापाशी, कुठंही. "दाटी बघा, दाटी! सगळं तिच्यावर असतं." कुणी पुढं ऐकून घेत नसे. कॉलेजातली मुलं 'परीक्षेला आहे का?' विचारत आणि वह्या मिटत. बरोबरचे प्राध्यापक चहा संपवून उठत. सरांच्या घरी खुर्च्या दोन. एकीवर सर, दुसरीवर फिल्मांचा ढीग.

माझा शिवणक्लास होता. ऐन दिवाळीच्या तोंडावर स्टुलावरून कापडाचा तागा काढताना पडले आणि उजवं मनगट मोडलं. संध्याकाळी सर चार केळी घेऊन हजर. फिल्म मी आधीच काढून ठेवली होती. पण हात प्लास्टरमध्ये, क्लास बंद, बसून बसून कंटाळा आलेला. म्हणून विचारलं, "सर, ब्लाउज बेतताना खांदा कुठं संपवायचा आणि बाही कुठं सुरू करायची, ते मी ठरवते. तुमच्या ढगात एक अणू कुठं संपतो? शिवण कुठं घालायची?"

फिल्मकडं गेलेला सरांचा हात मागं आला. मला वाटलं आपलं काही चुकलं.

"बाई," ते म्हणाले, "हे मला आजवर कुणीच विचारलं नाही."

मग खुर्ची पुढं ओढून बोलायला लागले. भरात आले की त्यांची बोली वडूजला जाई. "शिवण आपण न्हाई घालायची. एका अणूपासनं निघा. दाटी कमी कमी हुईत जाती, मग दुसऱ्याच्या जवळ परत वाढती. त्या वाटंवर मधी जितं सगळ्यात विरळ, तितं शिवण. ढगच दावतो."

पाण्यातला हायड्रोजन म्हणे वाळलेला, कारण ऑक्सिजन ढग आपल्याकडं ओढून घेतो. गोबरगॅसमधला, कार्बनशेजारचा तोच हायड्रोजन त्यामानानं अंगानं भरलेला. शेजार बदलला की दाटी बदलते, आणि दाटी तसा अणूचा स्वभाव.

"आणि शेजारीच नसला तर?" मी विचारलं.

"मग नुस्ता गोळा. सगळीकडनं सारकाच. बगण्यासारकं कायबी नसतं."

तीन कप चहा झाला. फिल्म गुंडाळून सर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या हातानं भात टाकला होता, तर सर दारात. पायातली चप्पल एकदा काढली, परत घातली.

"कुणाचं काय मोडलं?" मी विचारलं.

"न्हाई, तसं न्हाई. काल ते... कार्बनचं सांगायचं राह्यलं."

"बसा," मी म्हटलं.

त्या दिवशी आमचा भात खाली लागला.