शून्य टक्के साम्य

ज्या दुःखाला संदर्भसूची नाही, ते दुःख ज्ञानात जमा होत नाही. माणसं गाव सोडतात तेव्हा फार तर घरं रिकामी होतात. त्याचं 'स्थलांतर' व्हायला प्राध्यापक लागतो. समाजाची ही नड ओळखून आमच्या महाविद्यालयानं भर मे महिन्यात, सोलापुरात, 'हवामान बदल आणि मानवी स्थलांतर' या विषयावर दोन दिवसांची शोधनिबंध लेखन कार्यशाळा घेतली. साधनव्यक्ती म्हणून लाभलेले डॉक्टरसाहेब ऊन सोसत नाही म्हणून महाबळेश्वरला गेले होते आणि तिथून पडद्यावर बोलत होते. (याला स्थलांतर म्हणत नाहीत. याला ऑनलाइन म्हणतात.) सभागृहात कूलर एकच होता. दीपप्रज्वलन संपेपर्यंत निम्मे सहभागी त्याच्यासमोर जाऊन बसले; उरलेले, तिथं जागा नाही म्हणून, विषयाकडे वळले.

कार्यशाळेचा कणा म्हणजे साम्य तपासणी. आपला निबंध संगणकात टाकायचा. दुसऱ्या कुणी आधी लिहिलेलं त्यात किती टक्के आहे, ते संगणक सांगतो. वीसच्या वर गेलं की वाङ्मयचौर्य. आता आमच्यापैकी बहुतेकांचा निबंध 'हवामान बदल ही आज जगापुढील ज्वलंत समस्या आहे' याच वाक्यानं सुरू होत असल्यामुळे समन्वयक सोमशेखर सरांनी ते वाक्य सार्वजनिक मालमत्ता म्हणून तपासणीतून वगळलं. तरीही पहिल्या दिवशीची सरासरी एकसष्ट टक्के निघाली. कुणी मनाला लावून घेतलं नाही. वातावरण खेळीमेळीचं होतं, जेवणात शेंगापोळी होती.

अडचण आली ती दीक्षामुळे. दीक्षा आमच्याकडे तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, म्हणजे तिला तासाचे पैसे मिळतात आणि सुट्टीत भूगोल थांबतो. पुढच्या सोमवारी कायम जागेसाठी तिची मुलाखत होती. त्यासाठी एक छापील निबंध हवा होता, आणि कार्यशाळेचं पुस्तक शनिवारी छापायला जाणार होतं. तिच्या निबंधाचं साम्य निघालं शून्य टक्के.

डॉक्टरसाहेब पडद्यावर गंभीर झाले. "शून्य म्हणजे हे याआधी कुणीच म्हटलेलं नाही. मग ते खरं कशावरून?"

"सर, आई सांगते. ती तिथं होती."

"आई कुठं प्रकाशित आहे?"

"सध्या माझ्याकडं असते, सर."

(हे उत्तर इतिवृत्तात घेतलेलं नाही.)

निबंध केम गावाजवळच्या एका वस्तीचा होता. दीक्षाची आई नागूबाई त्या वस्तीवरची, आणि दीक्षानं तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं: "इहीर आटली तवा आदी मान्सं न्हाई गेली. आदी पाव्हनं यायचं बंद झालं. आल्याला पान्याचा तांब्या द्यावा लागतो, मग कोन कशाला यील? म्होरं आमीच जिकडं तिकडं पाव्हनं झालो."

सभागृह हळहळलं. पण हळहळ हा पुरावा नव्हे. निबंध 'संदर्भ अपुरे' या शेऱ्यासह परत झाला.

तेव्हा सोमशेखर सर मदतीला धावले. "म्याडम, लई टेन्शन घेऊ नका. आम्ही आहे की." त्यांची योजना साधी होती. आईची वाक्यं आम्ही सर्वांनी वाटून घ्यायची आणि आपापल्या निबंधात घालायची. उद्या संगणकाला ती ठिकठिकाणी सापडतील आणि म्याडमचं शून्य हलेल. टाळ्या पडल्या. दीक्षानं डोळे पुसले आणि आपला निबंध सगळ्यांना पाठवला.

वाटप इतकं काटेकोर झालं की एकाचं वाक्य दुसऱ्याकडे गेलं नाही. विहीर मैंदर्गीच्या सरांकडे गेली. नातेपुत्याच्या सरांनी 'जिकडं तिकडं' हे दोन शब्द घेऊन त्यावर नकाशा काढला. माझ्या वाट्याला तांब्या आला. मी त्यातून 'तांब्या-निर्देशांक' काढला : एका हंगामात घरी आलेले पाहुणे भागिले भरून ठेवलेले तांबे. उत्तर एकाच्या खाली गेलं की घर स्थलांतरप्रवण. (उत्तर एकाच्या वर गेलं, तर यजमान कंजूष.) हा सगळा माल अप्रकाशित असल्यामुळे आणि आम्ही आपला जुना मजकूर काढून त्याभोवतीच नवे निबंध फुलवल्यामुळे आमची सरासरी एकसष्टवरून अकरावर आली. हा दुय्यम लाभ म्हणावा लागेल.

दुसऱ्या दिवशी निबंध सेवाज्येष्ठतेनं संगणकात गेले. कायम प्राध्यापक आधी, तासिकावाले शेवटी. दीक्षाचं साम्य निघालं सत्त्याण्णव टक्के.

"सर, काल शून्य होतं," दीक्षा म्हणाली.

"काल तो निबंध अमान्य होता," डॉक्टरसाहेब म्हणाले. "अमान्य निबंध आम्ही नोंदवत नाही. नोंदीनुसार तुमच्या आधी या सगळ्यांनी लिहिलंय."

"पण ही माझी आई आहे."

"असेल की. तसा संदर्भ द्या. तांब्याचं वाक्य ठेवायचं तर पुढं या सरांचं नाव घाला."

हे सर म्हणजे मी. मी मोठ्या मनानं होकार दिला, पृष्ठ क्रमांकही देऊ केला.

दीक्षानं विचारलं, "सर, तुमच्या घरी पाहुणे येतात का हो?" मी म्हणालो, येतात की. "बरंय," ती म्हणाली, आणि तिनं निबंध मागं घेतला.

सोमशेखर सर खाली बघून म्हणाले, "नियम मी केले न्हाईत हो म्याडम." त्यांनी तिला सहभाग प्रमाणपत्र स्वतःच्या हातानं दिलं आणि सामूहिक फोटोत मधोमध उभं केलं. सोमवारी मुलाखतीत निबंध विचारला गेला, तो नव्हता. ती आता पुण्यात कुठल्याशा कंपनीत असते, नागूबाईही तिच्याबरोबर गेल्या. हे स्थलांतर नोकरीमुळे झालेलं असल्यानं आमच्या विषयात बसत नाही.

वाचताना तुम्ही पहिल्यापासून दीक्षाच्या बाजूनं होता, हे मला कळत होतं. आम्हीही सगळेच होतो.