टेप उतरून राहिली, कूलर बंद ठेवा

मे महिन्याच्या भर दुपारी, नागपुरात, दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचा कूलर बंद करणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? आमच्या महाल भागातल्या गल्लीत होता. वामनजी त्याचं नाव. एवढं करूनही त्याला कुणी मारलं नाही, यातच आमच्या गल्लीचा मोठेपणा आला.

निवृत्त झाल्यावर वामनजींनी टेपच्या जुन्या, बशीएवढ्या स्पूलवरची गाणी कॅसेटवर उतरवायचं काम काढलं होतं. जेवढी लांब टेप, उतरवायला तेवढाच वेळ. सगळी गल्ली एकाच खांबावर. कुणी कूलर लावला की व्होल्टेज पडे, वामनजींचं म्हातारं मशीन मंदावे आणि गाणाऱ्या बाईचा पहिलवान होई. मग वामनजी बनियनवर गल्लीत येत. "लोड कोणाचा आहे गा?"

लोड हा त्यांचा लाडका शब्द. पंगत मोठी असली की आचाऱ्यावर लोड, जावई मुक्कामाला आला की सासऱ्यावर लोड. सकाळी पाण्याचे पंप, संध्याकाळी दिवे, म्हणून दुपारचीच लाइन बरी, असं त्यांचं म्हणणं. जरा लवकर आटपा म्हटलं तर म्हणायचे, "गाणं आहे बापा, भजं नाही. घाई केली का कच्चं राहते." आम्ही डोक्यावर ओला पंचा घेऊन बसायचो आणि त्यांना शिव्या घालायचो, पण दार लावून. कारण त्यांनी फुकट दिलेल्या कॅसेटी आमच्याच घरात वाजत होत्या.

एक स्पूल मात्र त्यांनी शेवटावर ठेवली होती. ती त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या आवाजाची. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. टेपची भुकटी पडत होती. आता एकदाच वाजेल आणि मधे थांबवली तर तुटेल, असं वामनजी घरोघरी सांगून आले. त्या दुपारी गल्लीनं पंखेसुद्धा बंद ठेवले.

आणि नेमकी आमची आई न्हाणीपाशी कोसळली. ऊन लागलं होतं. मी तिच्या तळपायांना कांद्याचा रस चोळत होतो, तर आई डोळे मिटूनच पुटपुटली, "कूलर नको लावू. सुमन गाऊन राहिली."

माझ्या बायकोची हाक ऐकून वामनजी धावत आले. टेप तिकडे चालूच होती. त्यांनी आईकडे पाहिलं, आमच्या कूलरचं बटण दाबलं आणि तिच्या उशाशी बसले. भिंतीपलीकडे काकूंचा आवाज जाड होत गेला. मला इतकं वाईट वाटलं की त्यांच्याकडे पाहवेना.

आई हिंडूफिरू लागल्यावर आधी वामनजींकडे गेली आणि ती कॅसेट लावा म्हणाली. मीही सोबत होतो. सुरुवातीला पाळण्याची दोन कडवी, अगदी गोड. मग काकू गाणं सोडून नवऱ्यावर ओरडतात, दूध उतू गेलं म्हणून, आणि ते सगळं एखाद्या हवालदाराच्या आवाजात. वामनजी मान खाली घालून ऐकत होते.

"वामनजी," आई म्हणाली, "चिडली का सुमनचा आवाज असाच भारी होत होता. मी तर भेत होती तिले."

"खरंच, वहिनी?"

"तुम्ही विसरले काय?"

 वामनजी बनियननं डोळे पुसत म्हणाले, "मीही भेत होतो न." आणि बायकोचं ओरडणं पुन्हा ऐकायला त्यांनी कॅसेट मागे घेतली.