चकाचकरावांची काकडी

बायको चार दिवस बहिणीकडे निघाली, तेव्हा कासवाची काचेची पेटी या वेळी आपण धुवायची, असं चकाचकरावांनी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, गळ घातली नव्हती. पण माणसाच्या डोक्यात एकदा चांगला विचार शिरला की तो सहजासहजी बाहेर निघत नाही.

चकाचकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात ते हेडक्लार्क आणि कँटीन कमिटीचे सेक्रेटरी. ग्लास उजेडात धरायचा, चमच्याचा वास घ्यायचा, टेबलावरून बोट फिरवायचं आणि ते बोट शेजारच्याला दाखवायचं, अशी त्यांची ख्याती. (शेजारचा बहुधा जेवत असे.) लोकांनी ठेवलेलं हे नाव म्हणजे आपला गौरव आहे, असं ते चौदा वर्षं समजत आले होते.

कासव लेकीचं. लेक शिकायला होस्टेलवर गेली, कासव राहिलं. बायको त्याचं सगळं निगुतीनं करायची. निघताना तिनं बजावलं, "पेटी बाथरूममध्येच धुवा. त्याची घासणी वेगळी आहे, निळी. आणि नंतर हात साबणानं धुवा."

"हे तू मला सांगतेस?"

"तुम्हालाच सांगतेय. लोकांचे हात तपासता तपासता स्वतःचे राहून जातात."

रविवारी सकाळी चकाचकराव पेटी घेऊन बाथरूमच्या दारात उभे राहिले आणि विचारात पडले. बाथरूम ही घरातली सगळ्यात घाण जागा. घाण जागेत वस्तू स्वच्छ होईलच कशी? मग सगळ्यात स्वच्छ जागा कुठली? स्वयंपाकघरातलं सिंक! इतकी साधी गोष्ट बायकोच्या ध्यानात कशी आली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

पेटी सिंकमध्ये धुतली गेली. निळी घासणी जुनाट दिसली म्हणून भांड्यांची नवी घेतली. कासवाची पाठ त्यांनी त्याच घासणीनं अशी घासली की कासवानं मान आत घेतली ती संध्याकाळपर्यंत बाहेर काढली नाही. मग त्याला भाजी चिरायच्या पाटावर सुकायला ठेवलं. पाट नंतर पुसला, कासव पुसलं होतं त्याच फडक्यानं. हात मात्र साबणानं धुतले नाहीत, कारण ते तासभर पाण्यातच होते.

सोमवारी सकाळी त्या पाटावर त्यांनी चार काकड्या चिरल्या आणि डबा भरून ऑफिसात नेला. कँटीन चालवणाऱ्या मावशींच्या काकडीवर त्यांचा फार दिवसांपासून राग होता. जाड कापतात, म्हणून. दुपारी त्यांनी डबा मधोमध ठेवला.

"घ्या, घ्या! स्वच्छता म्हणजे काय ते खाऊन बघा. मावशी, तुम्हीपण बघा."

"बघते की," मावशी लांबूनच म्हणाल्या. त्यांनी नुसतं बघितलं, तेच बरं झालं.

बुधवारी सात माणसं आडवी झाली. ताप, पोटात मुरडा, जुलाब. त्यात रोखपाल, टायपिस्टबाई आणि स्वतः चकाचकराव. अंगात त्राण नव्हतं, तरी त्यांनी संडासाच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत साहेबांना पत्र लिहून काढलं : कँटीनमधील अस्वच्छतेमुळे विषबाधा, ठेका तत्काळ रद्द करावा. गुरुवारी कँटीनला कुलूप लागलं. ठेका ठेवायचा की काढायचा, ते पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं.

मीटिंगला मावशी आल्या त्या डोळे सुजवूनच. "चौदा वर्षं तुमच्या पोटाला जपलं," त्या म्हणाल्या. "चार दिवस माझ्या डोळ्याला डोळा नाही. ठेका गेला तर दोन स्वयंपाकिणी घेऊन मी जाऊ कुठं?" साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन बसल्या होत्या. "सातही जणांच्या तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू सापडलाय. कँटीनचे नमुने मात्र स्वच्छ आहेत. गेल्या सोमवारी तिथं साठ जण जेवले, आजारी सातच पडले. या सातांनी वेगळं काय खाल्लं?"

"काकडी," रोखपाल म्हणाले.

"काकडी," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"माझीच," चकाचकराव अभिमानानं म्हणाले. "त्यात दोष निघणं शक्य नाही, बाई."

"घरी काही प्राणी पाळलाय?"

"एक कासव. पण इतकं स्वच्छ कासव तुम्हाला गावात सापडणार नाही. मी स्वतः धुतो."

"कुठं?"

"स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये! भांड्यांच्या घासणीनं! आणि सुकवतो भाजीच्या पाटावर. बाथरूममध्ये वगैरे नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर, त्याच्या पाण्यात हे जंतू असू शकतात. त्याला काही होत नाही, माणसाला होतं."

"पण मी त्याला खसाखसा घासलंय!"

"तेच ना. त्याच्या अंगावरचं काढून तुम्ही पाटावर आणलंत, पाटावरचं काकडीवर. तरी तुम्ही सगळे धडधाकट आहात. एखाद्या तान्ह्या मुलानं नाहीतर म्हाताऱ्या माणसानं खाल्लं असतं, तर हॉस्पिटलच गाठावं लागलं असतं."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" रोखपाल करवादले. त्यांचं वजन आठवड्यात चार किलो उतरलं होतं.

चकाचकरावांना खरोखरच लाज वाटली, अगदी कानापर्यंत. त्यांनी उठून मावशींची माफी मागितली. मग सेक्रेटरीपदाचा राजीनामा तिथल्या तिथे लिहून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी कुलूप काढायचा हुकूम दिला आणि राजीनाम्यावर सही करायला पेन उघडलं.

"थांबा साहेब," मावशी म्हणाल्या. "राजीनामा घेऊ नका."

चकाचकरावांचा ऊर भरून आला. बाईचं मन किती मोठं!

"हे इथं सेक्रेटरी म्हणून चौदा वर्षं नुसतं तोंड चालवतात," मावशी शांतपणे म्हणाल्या. "त्यानं कधी कुणाला काही झालं नाही. एकदाच हात चालवला, तर सात माणसं झोपली. ह्यांना पदावरच ठेवा. नुसतं कशाला हात लावू देऊ नका."

ठराव एकमतानं मंजूर झाला. मावशींचे शब्द जसेच्या तसे वहीत घ्यावेत, असं साहेबांनी सांगितलं. आणि सेक्रेटरी अजून तेच असल्यामुळे चकाचकरावांनी ते लिहून घेतले, सुवाच्य अक्षरात.