आप्पांच्या परसातली पंगत

आमचे घरमालक आप्पा कचऱ्याच्या ड्रमचं झाकण उघडण्याआधी त्यावर टकटक करतात. पाहुण्याच्या दारावर करावी तशी, बोटाच्या पेरानं, हलकेच. मग थोडं थांबून कन्नडमध्ये म्हणतात, "स्वल्प सरीरी." म्हणजे, जरा सरका. आतल्या गांडुळांना आणि किड्यांना बाजूला व्हायला पुरेसा वेळ मिळाला असं वाटलं की मगच झाकण निघतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जांबोटीहून बेळगावात नुकताच आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच. शहरातल्या रीती मला ठाऊक नव्हत्या. मला वाटलं, इथं टकटक करतच असतील. म्हणून मीही गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कचराकुंडीवर टकटक केली. शेजारच्या आक्कांनी ते पाहिलं आणि गेटला धरून हसत राहिल्या.

आप्पा मूळचे निपाणीकडचे, जैन. सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. आता शहापुरातल्या या घरात एकटेच असतात. मुलगा बंगळूरला आहे. मागची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. ड्रम माझ्या दारासमोरच, जास्वंदीखाली.

ओला कचरा ते गाडीत देत नाहीत. "गाडीत वरनं दाबत्यात रं. जीव हाय त्यात." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. या जिवांशी ते आईच्या भाषेत, कन्नडमध्ये, आणि आदरानं बोलतात. एकदा मी धीर करून विचारलं, की मला अरे-तुरे आणि किड्यांना अहो-जाहो, हे कसं?

आप्पा म्हणाले, "तू भाडेकरू हाईस. त्ये काम करत्यात."

ड्रमचा धर्मही जैनच. आप्पा सूर्यास्ताआधी जेवतात, म्हणून ड्रमही त्याआधीच जेवतो. आप्पांचा उपवास असला की ड्रमलाही उपवास. कांदा, लसूण, बटाटा यांना प्रवेश नाही. जे आपण खात नाही ते दुसऱ्याला कसं घालायचं, असा त्यांचा सवाल. माझा तर सगळा स्वयंपाकच कांदा-बटाट्याचा. माझ्या साली पिशवीत भरून खिळ्याला लटकत राहायच्या. एके दिवशी कॉलेजातून आलो तर जास्वंदीच्या पलीकडे एक जुना निळा ड्रम उभा होता. बुडाला भोकं पाडलेली, वर झाकण.

"ह्यो तुझा," आप्पा म्हणाले. "पंगत एक, पान वेगळं."

त्या दिवसापासून संध्याकाळी आम्ही दोघं आपापल्या ड्रमशी उभे राहू लागलो. आधी ते घालायचे, मग मी. मी कांद्याच्या साली टाकत असताना ते नाकाला उपरणं लावून उभे असायचे. पण आत जायचे नाहीत.

संकट आलं ते आप्पांच्याच ड्रमवर. खोरं लागून जीव मरतील म्हणून ते आतलं कधी हलवत नसत. घालत ते सगळं ओलं: पिकलेली केळी, भाजीची देठं, उरलेला भात. त्याचा चिखल झाला आणि वास सुटला. त्यात आक्कांच्या मुलीचा साखरपुडा ठरला, त्यांच्याच अंगणात.

आक्का कुंपणाशी आल्या. "आप्पा, पोरीच्या सासरचे येणार हायत. तोवर वास ग्येला न्हाय तर ड्रम उचलायचा. मग माझ्यावर रागावू नका."

आप्पांनी मान डोलावली. लेकीच्या कार्यापुढं त्यांचं काही चालणार नव्हतं. संध्याकाळी त्यांनी झाकणावर टकटक केली, पण उघडलं नाही. "ह्यांस्नी कुठं न्यायचं आता?" एवढंच म्हणाले.

आक्कांवर आप्पांचीही एक तक्रार होती. त्या रोज सकाळी आंब्याची वाळकी पानं झाडून पेटवत. आप्पा कुंपणाशी जाऊन सांगत, आक्का, मुंग्या हायत त्यात. आक्का म्हणत, लई कळवळा असंल तर तुम्हीच न्या पानं घरी.

मला बोलावं की नाही कळेना. शेवटी चाचरत म्हणालो, "आप्पा, आमच्या गोठ्यात ओल झाली की आई वाळका पाला पसरते. वास मरतो. आक्का म्हणतायत, तर नेऊया की पानं."

आप्पा तडक घमेलं घेऊन निघाले. पण प्रत्येक पान झटकून, मुंग्यांना उतरवून मगच घमेल्यात. एक घमेलं भरायला सकाळ जायची. मग आप्पा बाह्या सारून हातानंच, भाकरीचं पीठ कालवावं तसं हळू, आतलं सगळं पानांत कालवायचे. हळूहळू चिखल सुटा झाला. वास गेला, पण आप्पांची धडधड काही जाईना.

साखरपुड्याच्या दिवशी नवऱ्या मुलाची आई हात धुवायला म्हणून कुंपणाकडे आल्या आणि त्यांनी विचारलं, "त्या ड्रमात काय हाय?"

आक्कांचा चेहरा उतरला. आप्पांनी टकटक केली, सरका म्हणाले आणि झाकण काढलं. आमच्या रानात पाल्याखाली हात घातला की येतो, तोच वास आला. बाई शेतकरी घरातल्या. त्यांनी मूठभर काळं खत उचललं, हुंगलं आणि पिशवीभर मागितलं.

"न्या की," आक्का मोठ्यानं म्हणाल्या. "आमच्याच आंब्याची पानं हायत ती!"

आप्पा हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर ड्रमपाशी वाकून हळूच म्हणाले, "गेद्द्री." जिंकलात. त्या संध्याकाळी ड्रमला साखरपुड्याच्या हारांची फुलं मिळाली.

पावसाळ्यात मी रोपलावणीला गावी गेलो आणि अडकलो. ओढ्यावर पाणी, बस बंद, फोनला रेंज नाही. परत आलो तेव्हा दिवस कलला होता. माझा ड्रम उपाशीच असणार असं धरून मी झाकणावर टकटक केली. आता मीही करतो. आत कांद्याच्या ताज्या साली होत्या. बटाट्याच्याही. काही वाळक्या पानांखाली नीट झाकलेल्या.

कुंपणावरून आक्का म्हणाल्या, "बघतोस काय? रोज दिस बुडायच्या आत येत्यात, नाकाला उपरणं लावून. म्हणत्यात, आक्का, कांद्याची साल हाय काय? आता भाजीत नको असला तरी कांदा चिरते मी."

तेवढ्यात आप्पा रिकामी बादली घेऊन बाहेर आले. मला पाहून बादली मागं लपवायला गेले. मग जास्वंदीकडे बघत म्हणाले, "शेजारचं पान रिकामं. एकट्याला वाढाय बरं वाटंना."

मग आभाळाकडे पाहिलं आणि एकदम घाई केली.

"हुबा काय ऱ्हायलास? जा, कांदा चिर. दिस बुडतोय."